रेवस ते दिघीपलीकडचं कुंड: अँटिन्यूट्रिनो आणि बायआत्याची आंघोळ

आधी एक दुरुस्ती.

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी दिघीच्या पलीकडच्या एका गरम पाण्याच्या कुंडावर लिहिलं होतं. त्यात असं वाक्य होतं: ‘पृथ्वीच्या पोटातली सगळी उष्णता युरेनियम आणि थोरियममधून येते, त्यांतून सुटणारे अँटिन्यूट्रिनो ती वर घेऊन येतात, आणि या कुंडात उभं राहिलं की ते आपल्या अंगातून आरपार जातात.’ लिहिताना मला ते फार आवडलं होतं. आता वाचताना कान गरम होतात.

सगळी उष्णता तिथून येत नाही. पृथ्वी घडताना जी धग आत कोंडली गेली, तिचाही मोठा वाटा आहे. कुणाचा वाटा किती, याचा आजचा अंदाज ढोबळमानाने निम्मा-निम्मा असा आहे, आणि त्या ‘ढोबळमानाने’मध्ये बरीच जागा आहे. तीच जागा कमी करण्यासाठी तर अँटिन्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण मोजतात. दुसरं म्हणजे अँटिन्यूट्रिनो उष्णता वर आणत नाहीत. ते कशालाही न अडता पृथ्वीतून थेट बाहेर पडतात आणि वाटेत काहीच तापवत नाहीत. आणतात ती फक्त खबर: आत अमुक इतकं युरेनियम, अमुक इतकं थोरियम आहे. कुंडाचं पाणी तापतं ते वेगळ्याच कारणाने. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या ऊन खडकाला लागतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. राहिलं आरपार जाण्याचं. ते कण आपल्या अंगातून जातात हे खरं, पण कुंडातच कशाला? तुम्ही हे वाचताय तिथेही आत्ता जातायत. अब्जावधींनी, क्षणाक्षणाला, काहीही न करता.

आणि मी त्या कुंडात उतरलेच नव्हते. काठावरून फोटो काढून परत आले होते. लेख वाचून तसं वाटत नाही.

ही दुरुस्ती मी तळटीप म्हणून टाकणार होते. मग हौसाकाकीचा फोन आला.

हौसाकाकी म्हणजे आमच्या मिठागरातली, रेवसच्या अलीकडच्या खाडीकाठची. आमचं सगळं घर मिठावर जगलेलं. मी लहान असताना थंडीपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत आम्ही आगरावरच्या खोपीत राहायचो, शाळा लांब होती, म्हणून पहिली काही वर्षं मला माझ्या आत्याने शिकवलं. तिला सगळे बाय म्हणतात, म्हणून ती माझी बायआत्या. तिची एक रीत होती. मी पाटीवर वाक्य लिहिलं की ती विचारायची, “हे पायलंस, का कोनी सांगितलं?” पाहिलं असेल तर तसं म्हणायचं, सांगितलं असेल तर कोणी सांगितलं त्याचं नाव घ्यायचं. दोन्ही नसेल तर पुसायचं. ‘कावळा काळा असतो’ हे पाहिलेलं. ‘मुंबईत मोठी घरं असतात’ हे बाबांनी सांगितलेलं. पुढे मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं, प्रकल्पासाठी दख्खनच्या खडकातून किती अँटिन्यूट्रिनो बाहेर पडत असतील याचा हिशेब मांडला, आता मुंबईत एका कॉलेजात शिकवते. पण अजूनही काही लिहिलं की तो प्रश्न कानात वाजतो. त्या एका लेखाच्या वेळी वाजला नाही.

आमच्या आगरातल्या बायकांची वर्षातून एक सहल असते. मीठ ओढून ओढून पायांची सालं निघतात, टाचांना भेगा पडतात. मोसम संपत आला की भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमजोर असते आणि आगरात पाणी घ्यायचं नसतं तेव्हा, या बायका टेम्पो करून अलिबाग-मुरुडमार्गे निघतात, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जातात आणि पलीकडच्या त्या कुंडात उतरतात. माझ्या आजीचं माहेर तिकडचं, तिच्यापासून हे सुरू झालं. त्याला आमच्यात ‘मीठ उतरवायला जाणं’ म्हणतात. आजीनंतर पुढाकार बायआत्याचा.

“तुझ्या लेखानं आमची सहल बुडवली गो,” हौसाकाकी फोनवर म्हणाली. “बायनं मोबाइलवर वाचून दाखवला आमाला. मी इचारलं, आरपार जातंय म्हंजे आत भोकं पडतात का? ती म्हनाली, पोरगी खोटं लिहिनार न्हाय, यंदा ऱ्हाऊ द्या. टेम्पोवाल्याला न्हाय सांगितलं.”

“मला कुणी बोललं नाही.”

“तुला काय बोलायचं? तू लिहिनारी. यंदा पन जायची न्हाय म्हनते. एकदा ऱ्हायलं, दोनदा ऱ्हायलं, की मोडलंच समज.”

म्हणून चैत्राच्या वद्य अष्टमीला, भांगाचे दिवस बघून, मी रजा काढली.

रेवस ते मुरुड

मुंबईहून येणाऱ्यांसाठी: भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते. मांडव्याच्या बोटींपेक्षा साधी आणि स्वस्त. वेळा ओहोटीप्रमाणे पुढेमागे होतात, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या. सावलीची बाजू पकडा. रेवस धक्क्यावर अलिबागची एसटी उभी असते.

बायआत्या धक्क्यावरच आली होती. हातात कापडी पिशवी, केसात अबोली. फोनवरच तिने अट घातली होती: “मी येतंय तुझ्यासंगती. पान्यात उतरनार न्हाय. तू काय दाखवायचं ते दाखव.”

मी माझ्या पिशवीतून दोन बाटल्या काढून तिला दाखवल्या. एक तिच्या विहिरीच्या पाण्यासाठी, एक कुंडाच्या. मला दोन्ही शेजारी ठेवून तपासायच्या होत्या.

“विहिरीचं कशाला? ते तर आपन पितो.”

“म्हणूनच. नेहमीचं काय ते कळलं तर वेगळं काय ते कळेल.”

धक्क्यावरून आधी तिच्या घरी जाऊन विहिरीची बाटली भरून घेतली, मग एसटीत तिला खिडकी दिली. अलिबागला गाडी बदलली, मग चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून, खाडीवरच्या पुलावरून कोर्लईकडे. ज्यांना गाडी लागते त्यांनी काशीदच्या वळणांआधी पोट रिकामं ठेवा. मी ठेवलं नव्हतं. कारण अलिबागच्या स्टँडवर भजी ताजी होती. काशीदला समुद्र एकदम उजव्या हाताला उघडतो. सगळी गाडी तिकडे बघते, आमचा कंडक्टरही बघत होता, रोजचा असून.

तिथेच, पोट धरून, मी तिला खरं काय ते सांगितलं. कणांबद्दल मी छातीठोकपणे बोलले. ते कुणाला अपाय करत नाहीत, करूच शकत नाहीत. ते कशाला धरतच नाहीत. जपानमध्ये, इटलीमध्ये डोंगराच्या पोटात तेलासारख्या द्रवाच्या मोठमोठ्या टाक्या भरून ठेवल्या आहेत. अब्जावधी कण टाकीतून निघून जातात, तेव्हा एखादा कधीतरी आत धडकतो आणि बारीकसा उजेड चमकतो. पृथ्वीच्या पोटातून आलेले म्हणावेत असे वर्षभरात मोजकेच सापडतात.

“हे पायलंस?”

“नाही. वाचलं. पण मोजणी कशी करतात ते मी शिकलेय.”

“बरं. मग पानी चांगलं हाय?”

इथे मला थांबावं लागलं. “पाण्याचं मी सांगू शकत नाही, बायआत्या. कणांचा आणि पाण्याचा संबंध नाही. पण जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात कधी कधी रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू असतो, जास्त झाला तर तो अपाय करतो. त्या कुंडात आहे का, किती आहे, मला ठाऊक नाही.”

“म्हंजे बायकांना मी काय सांगू? अर्धं?”

“तपासून सांगू.”

“तू खोटं बोलली असतीस तर सोपं झालं असतं,” ती म्हणाली आणि पिशवीतून मला आल्याची वडी दिली.

मुरुडचा काळा बांध

मुरुडला आमचा मुक्काम रेहानाभाभींच्या लॉजवर. लॉज म्हणजे नारळीच्या वाडीतलं घर, मागे चार खोल्या. खोली साधी, पाणी भरपूर, जेवण सांगितलं तर घरचं मिळतं. सहलीचा टेम्पो वर्षानुवर्षं दुपारच्या भाकरीला इथेच थांबतो. भाभी बायआत्याला दारातच कडकडून भेटल्या.

“अल्ला, बाय! गेल्या साली कुठं गायब? मी तांदळाचं पीठ काढून ठेवलेलं तुमच्या मंडळींसाठी. सासूबाई विचारत होत्या, मीठवाल्या आल्या नाहीत, कुणाला बरं नाही का?”

बायआत्याने माझ्याकडे बोट केलं. “हिला इचारा.”

मी सांगायला लागले. युरेनियमपर्यंत पोचले तेवढ्यात भाभींनी मला थांबवलं. “तकलीफ नका घेऊ, बेटा. एवढंच सांगा, या साली पीठ काढू की नको?”

“फोन करून कळवते,” मी म्हटलं. बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी मात्र मी तीन खाल्ल्या, हे इथे नोंदवते.

उन्हं उतरल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. मुरुडचा किनारा लोक जंजिऱ्यासाठी ओळखतात. मी जाते ती किनाऱ्यावरच्या काळ्या बांधांसाठी. दख्खनचा लाव्हा ज्या भेगांमधून वर चढला, त्यातल्या काही भेगा भरूनच राहिल्या; त्या आता भिंतीसारख्या वाळूतून डोकं काढतात. काही भिंतींमध्ये वेगळ्याच रंगाचे दगड रुतलेले दिसतात. लाव्हा वर येताना खालच्या, फार खोलवरच्या खडकांचे तुकडे त्याने सोबत खेचून आणले. आपण विहीर खणून, बोअर मारून जिथे कधी पोचणार नाही तिथले ते तुकडे आहेत. भांगाच्या दिवसांत पाणी फार ओसरत नाही, त्यामुळे आम्हाला अर्धाच बांध दिसला. तुम्हाला नीट पाहायचा असेल तर अमावास्या-पौर्णिमेजवळच्या ओहोटीला जा, आणि कृपा करून हातोडी नेऊ नका.

बायआत्याने फिकट तुकड्यांवरून बोट फिरवलं. “तिळाच्या वडीत शेंगदाने.”

“हो. आणि आपल्याला वडीही मोजायची, दाणेही.”

तिला कळेना, म्हणून मी वाळूवर बसून सांगितलं. टाकीत सापडणारे कण कुठून आले ते त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. काही अगदी जवळच्या खडकातून येतात, काही हजारो किलोमीटर खालून. या काळ्या दगडात युरेनियम फार थोडं असतं. ग्रॅनाइटमध्ये पुष्कळ जास्त. तेव्हा जवळच्या खडकात काय आहे ते आधी नीट माहीत हवं, ते वजा केल्याशिवाय खोलवरचा आकडा कळत नाही. शिवाय अणुभट्ट्यांमधूनही हेच कण निघतात, खंडीभर. जपानमधल्या भट्ट्या काही काळ बंद होत्या तेव्हा तिथल्या टाकीला पृथ्वीचे कण जास्त स्वच्छ मोजता आले. हे सगळं वाचलेलं, पाहिलेलं नाही.

“शेजारनीचा मिक्सर बंद झाला की लांबचं भजन ऐकू येतंय, तसं.”

“तसंच.”

“मग असं लिहायचं होतंस ना पयल्यांदा,” ती म्हणाली. “आरपार कशाला लिहिलंस?”

मी म्हटलं, कारण ते वाचायला छान वाटत होतं. वाळूत पडलेला एक गुळगुळीत खडा तिने उचलला, बघितला, होता तिथेच ठेवला.

आगरदांडा, दिघी

सकाळी रिक्षाने आगरदांडा. मुरुडहून जवळच आहे, भाडं आधी ठरवा. फेरीबोटीत गाड्या चढतात आणि माणसंही. माणसाचं तिकीट किरकोळ. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण गाड्या भरेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवा. आमच्याकडे दोन होत्या. एक भरलेली, पण तिला हात लावायचा नव्हता.

बोटीत एक केळीवाली बाई पाटी घेऊन बसली होती. बायआत्याने केळी घेतली, आणि मला आठवलं.

“बायआत्या, एक सांगायचं राहिलं. केळ्यात पोटॅशियम असतं. त्यातलं थोडंसं असं असतं की त्यातूनही अँटिन्यूट्रिनो निघतात. टाक्यांना ते सापडत नाहीत, फार कमी जोराचे असतात. पण निघतात.”

तिने केळं तोंडापासून लांब धरलं. “या केळ्यातून?”

“सगळ्या केळ्यांतून. आणि माणसाच्या अंगातही पोटॅशियम असतं. तुझ्याही.”

“माझ्या अंगातून निघतात?”

“निघतात. आत्ताही. माझ्याही, या मावशींच्याही.”

केळीवाली पाटी जवळ ओढत म्हणाली, “माझी केळी चांगली हायेत हां ताई, आजच उतरवलीत.”

बायआत्या हसायला लागली. आधी पदराआड, मग उघडच. “म्हंजे मीच भट्टी! आनि मी वर्षभर त्या कुंडाला घाबरते? कुंडानं मना घाबरायला पायजे!”

दोर सोडायला आलेला खलाशी ऐकत होता. “मावशी, तिकिटं दोनच काढलीत. ते अंगातनं निघतात त्यांचं काय?”

“ते थांबतच न्हाईत रे कुठं. तू पकडून दाखव, मी तिकीट काढते.”

ती इतकी मोकळी हसलेली मी बऱ्याच दिवसांनी पाहिली. मला वाटलं, झालं, काम झालं. दिघीला उतरेपर्यंत मी मनातल्या मनात रेहानाभाभींना पीठ काढायला सांगितलंसुद्धा.

पण धक्क्यावर पाय ठेवताना ती म्हणाली, “कनांचं मिटलं. पान्याचं ऱ्हायलं.”

कुंड

या वेळी कुंडाचं नाव आणि नेमकी वाट लिहीत नाही. मागच्या लेखात लिहिलं होतं, ते काढून टाकलंय. त्याचं कारण मला तिथे गेल्यावर कळलं.

दिघीहून एसटी, पुढे टमटम, मग थोडं चालणं. बायकांचं कुंड वेगळं, चिऱ्याने बांधलेलं, डोक्यावर आभाळ उघडं, एका बाजूला पत्र्याची कपडे बदलायची खोली. ती खोली आणि शेजारची चहाची टपरी तारामावशी सांभाळतात. पन्नाशीच्या, काटक, गावातल्याच. त्यांनी बायआत्याला लगेच ओळखलं, मला जरा वेळाने.

“तुमीच का त्या लिवनाऱ्या? तुमचा लेख वाचून पोरं आलीवती मोटारसायकलवर. मना इचारत होती, किरनं कुठून निघतात? एकानं काठावर घड्याळासारखं काहीतरी धरलं आनि फोटो काढून गेला. आंघोळ कोनी केली न्हाय. कुंड काय बघायला असतं?”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफी नको, चहा घ्या.”

चहा झाल्यावर मी बाटली काढली. तारामावशींनी माझा हात धरला.

“असं न्हाय न्यायचं. इथलं पानी न्यायचं तर आधी अंगावर घ्यायचं. डोक्यावरनं. मग न्या हवं तेवढं. आमच्या सासूच्या सासूपासनं असं हाय.”

“मावशी, मला ते तपासायलाच न्यायचंय. उतरायला चांगलं आहे का ते कळावं म्हणून.”

“मग चांगलं हाय का ते कळायच्या आधी उतरा. कळल्यावर काय, कोनीबी उतरंल.”

मी हातपाय धुते म्हटलं. चालणार नाही. दोन तांबे पायांवर घेते म्हटलं. चालणार नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता. मलाही त्यांची रीत मोडायची नव्हती. लेख लिहून एक रीत मोडून झाली होती.

माझ्या पिशवीत टॉवेल होता. कपड्यांचा जोड होता. आत तीन-चार बायका गळ्यापर्यंत बसून गावातल्या एका लग्नाबद्दल बोलत होत्या. त्यांच्या अंगावरून वाफ निघत होती. मी पहिल्या पायरीपाशी उभी राहिले, चपला काढल्या, आणि तिथेच राहिले. डोक्यात रेडॉन हा एकच शब्द. मला ठाऊक होतं की उघड्या हवेत घटकाभर उतरल्याने काही होण्याची शक्यता अगदी थोडी. ‘अगदी थोडी’ म्हणजे किती, हे मात्र ठाऊक नव्हतं. आधी तपासायचं, मग उतरायचं, असं मी ठरवून आले होते, आणि त्या ठरवण्याला मी इतकी घट्ट धरून बसले होते की पाय उचलेना.

शेजारी बायआत्याने पिशवी खाली ठेवली. अबोलीचा गजरा काढून पिशवीवर ठेवला. लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

“तू म्हणाली होतीस उतरणार नाहीस.”

“तुला पानी पायजे ना? मग कोनीतरी अंगावर घ्यायला पायजे.”

ती पायऱ्या उतरली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिने काठावरचा तांब्या उचलला, डोक्यावरून ओतला, पुन्हा ओतला. लग्नाबद्दल बोलणाऱ्या बायका सरकून बसल्या. “ऊन हाय गो,” ती डोळे मिटून म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. मग खाली बसली, गळ्यापर्यंत. तिच्या टाचांचा मला आदल्या रात्री खाटेवर दिसलेला रंग आठवला: भेगांच्या कडा मिठाने पांढऱ्या झालेल्या.

थोड्या वेळाने तिने हात वर केला. “टाक बाटली.”

मी सांगितलं तसं तिने ती पाण्याच्या आत धरली, एकही बुडबुडा न उरेपर्यंत वाट पाहिली आणि आतल्या आतच झाकण लावलं. बाटलीत हवा राहिली तर वायू निसटतो. मग बाटली काठावर ठेवून ती तारामावशींना म्हणाली, “आता चाललं?”

“आता चाललं,” तारामावशी म्हणाल्या.

परतीच्या फेरीबोटीत तिचे केस ओलेच होते. मी विचारलं, भीती नाही वाटली?

“वाटली ना,” ती म्हणाली. “न्हाय कशी वाटंल? तूच लिहिलंस.”

घरी

मुंबईत परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाटल्या कॉलेजातल्या आमच्या सरांकडे दिल्या. रेडॉन चारेक दिवसांत निम्मा होतो, उशीर करून चालत नाही. त्यांनी त्या आमच्या किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणापुढे पाळीपाळीने ठेवल्या, पुरेसा वेळ. विहिरीच्या आणि कुंडाच्या पाण्यात त्यांना फरक दिसला नाही. हे मी पाहिलं. त्यांच्या शेजारी उभी होते.

याचा अर्थ काय आणि काय नाही, ते सांगते. कुंडात रेडॉन नाही असं यातून सिद्ध होत नाही. आमच्या उपकरणाला दिसेल इतका त्या बाटलीत नव्हता, एवढंच. खरी तपासणी जागेवर आणि पुन्हा पुन्हा करायला हवी, असं सर म्हणाले. हे सांगितलेलं. एका बाटलीवरून मी तुम्हाला दाखला देऊ शकत नाही. वर्षातून एकदा, उघड्या आभाळाखाली, घटकाभर उतरायला मी स्वतः तयार आहे का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते.

मी हे सगळं फोनवर बायआत्याला सांगितलं. वाटलं होतं, ‘मग चांगलं का वाईट ते एका शब्दात सांग’ असं म्हणेल.

“हे असंच लिही,” ती म्हणाली. “पायलेलं कुठलं, सांगितलेलं कुठलं, सगळं. आनि वाचायला तूच ये. मागल्या वेळी मी वाचलं, तर बायकांनी मना इचारलं. यंदा तुला इचारू देत. हौसा भोकांचं इचारनार, तयारी करून ये.”

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“तर न्हाय जानार. वाचून तर दाखव.”

लोक अशा प्रवासातून काय काय घेऊन येतात. माझ्या टेबलावर दोन रिकाम्या बाटल्या आहेत आणि मुरुडच्या बांधाचा एक अर्धवट फोटो. आणि पाण्यात कमरेपर्यंत उभी असलेली बायआत्या, डोक्यावरून तांब्या ओतताना. तिचा फोटो मी काढला नाही. हजारो किलोमीटर खालून निघालेला कण टाकीत सापडावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं डोंगराखाली थांबतात. पूर्ण खात्री होईपर्यंत पाण्याच्या काठावर थांबायला हवं असं मी समजत होते, पण ती खात्री काठावर थांबून मिळणारी नव्हती.

रेहानाभाभींना फोन केला. पीठ काढा म्हटलं. बायका आल्या नाहीत तर मी एकटी येईन आणि जमेल तेवढ्या भाकरी खाईन. टेम्पोवाल्याशी हौसाकाकी बोलली आहे, अजून पक्कं नाही.

माझं पक्कं आहे. येत्या वैशाख वद्य अष्टमीला पहिल्या लाँचने रेवसला उतरणार, आगरावर बायकांसमोर हा लेख पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणार, विचारतील ते ऐकणार. आणि त्याच दिवशी, त्या आल्या तर त्यांच्या आधी आणि नाही आल्या तर एकटीच, त्या कुंडात उतरून डोक्यावरून पाणी घेणार.